शाळेचा पैसा वर्गात आणायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

पाटीपेन्सिल | २२ जून २०२५, २१:४०

सोमवारी, १६ तारखेला शाळा उघडली. पहिलीत सात मुलं आली. प्रवेशोत्सव झाला, फुलं दिली, पुस्तकं वाटली. मंगळवारी अकरा वाजता मी पहिलीच्या वर्गातून उठून संगणकासमोर बसले ती साडेतीनला उठले. सातांपैकी चौघांचं आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. पोर्टलवर नोंद झाली नाही तर मूल पटावर धरलं जात नाही, आणि पट घसरला तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, आमचं दुसरं पद धोक्यात येतं. त्यामुळे हे काम उद्यावर टाकता येत नाही. तेवढा वेळ पहिलीची मुलं चौथीतल्या दोन मुलींनी सांभाळली. त्यातल्या एकीने त्यांना बडबडगीतं शिकवली. फार छान शिकवली, पण तिचा स्वतःचा गणिताचा तास बुडाला.

आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट ४३. शाळेवर सरकारचा वर्षाला किती खर्च होतो ते मी मांडून पाहिलं. माझा पगार सगळं धरून महिन्याला सत्तर हजारांच्या आसपास. माझे सहकारी शिक्षण सेवक आहेत, म्हणजे मानधनावरचे नवे शिक्षक, त्यांना महिन्याला १६,०००. दोघांचे मिळून वर्षाचे १० लाख ३२ हजार. त्यानंतर केंद्र-राज्याच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. पट ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्या साडेबावीस हजारांत वीजबिल, खडू, प्रिंटरची शाई, झेरॉक्स, नळाची तोटी, फुटलेली कौलं, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती. पूर्ण २५,००० धरले तरी मुलामागे वर्षाला ५८१ रुपये.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. रक्कम लहान होती, पण ती माझ्या हातात असायची. मण्यांच्या माळा, दशकाच्या काड्या, मोठ्या अक्षरांच्या पट्ट्या मी त्यातूनच केल्या. त्यातल्या काही माळा अजून वापरते.

शाळांवरचा प्रशासकीय खर्च कमी करून तो पैसा वर्गात आणावा, असं लेखांतून आणि भाषणांतून नेहमी येतं. मलाही ते मनापासून पटतं. पण तो प्रशासकीय खर्च दिसतो कुठे? ऑफिसांच्या पगारपत्रकात त्यातला काही भाग दिसेल. मोठा भाग मात्र माझ्याच पगारात लपलेला आहे. यंदा जानेवारी-फेब्रुवारीत मी वहीत रोज टिपून ठेवलं. शाळेचे ४७ दिवस. त्यातले ८ दिवस मी शाळेतच नव्हते: बैठका, मतदार यादीचं काम, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात फेऱ्या. आणखी ११ दिवस शाळेत होते, पण अर्ध्याहून जास्त वेळ वर्गाबाहेर: अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), यू-डायस प्लस (शाळांच्या माहितीचं पोर्टल), शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक खात्यांची जोडणी, पोषण आहाराचं ऑनलाइन. हिशेब केला तर जवळपास ३० टक्के वेळ गेला. म्हणजे माझ्या पगारातले महिन्याला २१,००० रुपये कारकुनीवर खर्च झाले आणि कागदावर ते 'अध्यापन' म्हणून लागले.

हे बदलायचं कसं, यावर इथल्या जाणत्यांनी लिहावं म्हणून हा धागा.

---

बांधावरून | २२ जून २०२५, २२:२५

ताई, मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, तीन वर्षं. शेती करतो. तुम्ही लिहिलेला २५ हजारांचा आकडा मी आज पहिल्यांदा वाचला. आमच्या शाळेचा पट ६१ आहे, म्हणजे आम्हालाही तेवढेच येत असणार. मी दरवर्षी सह्या केल्यात. मुख्याध्यापक सर चांगले आहेत, गडबड करणारे नाहीत, पण सही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असते आणि "आज रात्री बारापर्यंत झालं पाहिजे" अशी असते. मग कुठे वाचत बसणार?

गणवेशाचं सांगतो, ते मला जवळून माहीत आहे. मुलामागे दोन जोडांचे ६०० रुपये. समितीकडे पैसे यायचे तेव्हा आम्ही गावातल्याच टेलरला बोलवायचो. तो शाळेत येऊन मापं घ्यायचा. पैसे उशिरा आले तरी तो थांबायचा, कारण ओळखीतला. २०२४-२५ ला ठरलं की सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड वरून. आमच्याकडे गणपती गेले, दसरा गेला, तेव्हा जोड आले. पाचवीच्या पोरांना तिसरीची मापं. माझ्या पोराने वर्षभर जुनी विजारच घातली. डिसेंबरात सरकारने तो निर्णय फिरवला आणि यंदा काम पुन्हा समितीकडे आलंय. हे चांगलं झालं. पण एक वर्ष वाया गेलं ते गेलंच. पैसा तेवढाच होता, फक्त निर्णय कुठे घ्यायचा ते बदललं, आणि पोरं गणवेशाविना राहिली.

---

रोखठोक | २३ जून २०२५, ०८:१०

पाटीपेन्सिल, कळकळ समजते. पण मूळ दुखणं मधल्या फळीचं आहे. वरून मोजा: मंत्रालय, आयुक्तालय, संचालनालयं, एससीईआरटी (राज्याची शैक्षणिक संशोधन-प्रशिक्षण परिषद), समग्र शिक्षा राबवणारी प्राथमिक शिक्षण परिषद. मग विभागीय उपसंचालक. जिल्ह्यात शिक्षणाधिकारी आणि डाएट ही शिक्षक प्रशिक्षण संस्था. तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, गटसाधन केंद्र. खाली केंद्रप्रमुख, दहाएक शाळांच्या गटावरचा. फळ्यासमोर उभं राहणारं यात कुणीच नाही. प्रत्येकाला माहिती हवी, तीही वेगळ्या नमुन्यात. निम्मी पदं रद्द करा आणि कायदा करा की शिक्षणाच्या बजेटमधले अमुक टक्के वर्गातच खर्च व्हायला हवेत.

दुसरं, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा. २०२३ मध्ये हा विषय पेटला तेव्हा आकडा १४,७८३ शाळांचा होता. चार-पाच शाळांची एक चांगली शाळा करा, बस द्या, ग्रंथालय द्या, विषयाला शिक्षक द्या. भावनेपेक्षा हिशेब बघा.

---

वाडीवरची_आई | २३ जून २०२५, ०९:०२

रोखठोक दादा, माझी मुलगी त्या १४,७८३ पैकी एका शाळेत आहे. पट नऊ. मोठी शाळा चार किलोमीटरवर, मध्ये ओढा. पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस उतरत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हा आपल्याकडचा नियमच आहे. बस द्या म्हणता, पण आमच्या वाडीला एसटीसुद्धा येत नाही. शाळा गेली तर मुलं आधी घरी बसतील, मग मुली कायमच्या.

तिचे सर एकटे आहेत. ज्या दिवशी त्यांना तालुक्याला बोलावतात त्या दिवशी शाळेला सुट्टी. आठवड्यातून एकदा तरी होतं. तेवढं थांबलं तरी मला पुष्कळ.

---

ह्यूस्टनची_सई | २३ जून २०२५, ०९:४५

"अमुक टक्के वर्गातच" या कल्पनेबद्दल लिहिते, कारण ती इथे टेक्सासमध्ये माझ्या डोळ्यांसमोर आली. मुलगा तेव्हा दुसरीत होता.

२००५ मध्ये 'पासष्ट टक्के उपाय' नावाची मोहीम देशभर गाजत होती. ओव्हरस्टॉक कंपनीचे पॅट्रिक बर्न तिच्या मागे होते. म्हणणं साधं: प्रत्येक शाळा जिल्ह्याने (तिथल्या सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग) शंभरातले पासष्ट डॉलर थेट अध्यापनावर खर्च करायचे, नवा कर नको, प्रशासन आपोआप बारीक होईल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमचे गव्हर्नर रिक पेरी यांनी कार्यकारी आदेश काढला. पुढच्या वर्षी जॉर्जियाने कायदा केला. देशाची सरासरी तेव्हा ६१ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे उडी फार मोठीही नव्हती.

भांडण झालं ते व्याख्येवर. मोहिमेने जी सरकारी व्याख्या धरली होती तिच्यात शिक्षक, मदतनीस, पुस्तकं येत होती, आणि खेळांच्या संघांचा खर्चही येत होता. बाहेर राहत होते ग्रंथपाल, समुपदेशक, शाळेतली नर्स, बस आणि जेवण. म्हणजे फुटबॉलचा प्रशिक्षक 'वर्गात' आणि ग्रंथपाल 'वर्गाबाहेर'. ज्या जिल्ह्यात मुलं लांबून येतात तिथे बसचा खर्च टाळताच येत नाही, पण टक्केवारीत तो जिल्हा उधळा दिसतो. स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने तेव्हा अनेक राज्यांचे आकडे तपासले, तर पासष्ट टक्के गाठणाऱ्या जिल्ह्यांतली मुलं अधिक शिकतात असा काहीही संबंध त्यांना सापडला नाही.

वाडीवरची_आई यांचा ओढा वाचला आणि हेच आठवलं. मुलीला शाळेत पोचवण्याचा खर्च वर्गाचा की प्रशासनाचा?

पाटीपेन्सिल यांचा मुद्दा मला त्याहून खोल वाटतो. त्यांच्या शाळेत १० लाख ५७ हजारांतले १० लाख ३२ हजार पगाराचे. इथल्या मापाने ती शाळा ९७ टक्के 'वर्गावर' खर्च करते, आणि तरीही पहिलीला शिकवायला चौथीतली मुलगी असते. टक्केवारीचा नियम आणला तर या शाळेत एक रुपयासुद्धा हलणार नाही.

---

जमाखर्च | २३ जून २०२५, १३:३०

जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात एकोणतीस वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. थोडी आतली बाजू मांडतो.

बांधावरून यांनी मार्चच्या सह्यांचं लिहिलं. पैसा उशिरा का येतो? समग्र शिक्षात केंद्र सरकारचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्राचा पुढचा हप्ता सुटायला आधीच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं आणि राज्याने आपला वाटा टाकलेला असावा लागतो. उपयोगिता प्रमाणपत्र तालुक्यांवरून गोळा होतं, तालुक्याला ते शाळांकडून लागतं. एका तालुक्यातल्या वीस शाळांची व्हाउचरं अडली की अख्ख्या जिल्ह्याचा कागद अडतो. तेव्हा जून-जुलैत लागणारा पैसा दिवाळीनंतर, कधी फेब्रुवारीत दिसतो.

२०२१ पासून आणखी एक बदल झाला. केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा आता राज्याच्या एकाच नोडल खात्यात राहतो. शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य. शाळेला मिळते ती फक्त खर्चाची मर्यादा. मुख्याध्यापकाने पोर्टलवर पेमेंटची नोंद करायची, पीपीए (बँकेला द्यायचा पेमेंटचा कागद) छापायचं, सह्या घेऊन बँकेत द्यायचं. हे करण्यामागे कारण खरं होतं: हजारो खात्यांत पैसा नुसता पडून असायचा आणि तिकडे सरकार व्याजाने कर्ज काढायचं. पण परिणाम असा की ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा शाळेच्या हातून जाते. पूर्वी मुख्याध्यापक चार पैसे मागे ठेवून जूनमध्ये खडू आणायचे, आता ते शक्य नाही.

म्हणून शाळा मार्चमध्ये मिळेल ते घेते. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, जीएसटीचं बिल, साठा नोंदवही, डेड स्टॉकची (टिकाऊ वस्तूंची) नोंदवही. हे सगळं करून देणारा दुकानदार तालुक्यात एखाद-दुसराच असतो आणि त्याच्याकडे असेल ते शाळेत येतं. या नियमांतला प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या अपहारानंतर आलेला आहे, हे मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे नियम सरसकट काढा म्हणणार नाही. पण पंचवीस हजारांच्या खर्चाला आणि पंचवीस लाखांच्या खर्चाला जवळपास तेवढेच कागद लागतात, हे चूक आहे, आणि आम्ही ते कधी बदललं नाही.

रोखठोक, तुमची मधली फळी कागदावर भरलेली आहे. प्रत्यक्षात राज्यात केंद्रप्रमुखांची पदं ४,८६०, आणि त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं रिकामी. मग होतं काय? एखाद्या मुख्याध्यापकाला केंद्रप्रमुखाचा अतिरिक्त कार्यभार. त्याची शाळा उरलेले सांभाळतात. तुम्ही पद रद्द केलंत तरी काम रद्द होत नाही, ते उतरून वर्गातल्या माणसाच्या डोक्यावर बसतं.

---

खडू_डस्टर | २३ जून २०२५, १९:१५

जमाखर्च यांच्या शेवटच्या वाक्याला माझ्या शाळेतला पुरावा देतो. मी खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. ११ डिसेंबर २०२० चा शासन निर्णय: शिपायाची पदं निवृत्तीनंतर भरायची नाहीत, त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता. मुंबई-पुण्यात महिन्याला १०,०००, इतर महापालिकांत ७,५००, आमच्यासारख्या ग्रामीण शाळेला ५,०००. प्रशासनावरचा खर्च कमी करण्याचं याहून स्वच्छ उदाहरण नसेल.

आमचे दोन शिपाई निवृत्त झाले. पाच हजारांत पूर्णवेळ माणूस मिळत नाही. एक मावशी सकाळी दोन तास येतात. आता घंटा मी देतो. तालुक्याला टपाल घेऊन जायचं तर एक शिक्षक जातो. प्रयोगशाळेतलं साहित्य तास संपल्यावर धुवायला कुणी नाही, म्हणून आठवी-नववीचे प्रयोग आता मी टेबलावर एकट्याने करून दाखवतो. मुलांच्या हातात परीक्षानळी येत नाही. पदाचा पगार वाचला आणि विज्ञानाचा तास गेला.

---

शेरेबुक | २४ जून २०२५, ०७:२०

मी विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. रोखठोक यांच्या यादीत माझं पद आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

१८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या वर्गांचं उच्च शिक्षण चालतं आणि खेड्यातलं प्राथमिक शिक्षण उपाशी राहतं, हे त्यांचं म्हणणं आपण सगळे सांगतो. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये पगार मागितला. आणि त्याच निवेदनात ते म्हणतात की शाळांवरची देखरेख सदोष आणि अपुरी आहे, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन काही उपयोग होत नाही, निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, मधूनमधून न कळवताही यावं. म्हणजे शिक्षकाला नीट पगार आणि शाळेला नियमित भेट, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्रच मागितल्या. देखरेखीला वायफळ खर्च समजू नका.

मी नोकरीला लागलो तेव्हा वार्षिक तपासणीला अख्खा दिवस एका शाळेत जायचा. एकेका मुलाला वाचायला लावायचं, गणित घालायचं, शिक्षकाचं टाचण बघायचं, एक तास स्वतः घेऊन दाखवायचा आणि मग शेरेबुकात लिहायचं. शिक्षक पुढच्या वेळी तो शेरा काढून विचारायचे, "साहेब, हे करून बघितलं, आता बघा." शेवटच्या सहा-सात वर्षांत मी शाळांत जाणं जवळपास बंद झालं. सकाळी व्हीसी (व्हिडिओ बैठक), दुपारी व्हीसीत मागितलेली माहिती, संध्याकाळी माहिती न आलेल्या शाळांची यादी. मी माहितीचा पोस्टमन झालो होतो. त्या काळात माझ्या पगारावर झालेला खर्च वाया गेला म्हणालात तर मी वाद घालणार नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा पद काढू नका. त्या पदाकडून माहिती गोळा करण्याचं काम काढा.

---

पाटीपेन्सिल | २४ जून २०२५, २१:५५

सगळ्यांचे आभार. शेरेबुक सर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या पहिल्या शाळेत असेच एक साहेब यायचे. जोडाक्षरं पाठ करून घ्यायची नसतात, मुलांच्या नावांतून काढायची असतात, हे त्यांनी शिकवलं. 'प्रज्ञा', 'कृष्णा', 'विठ्ठल' अशी पोरं समोर उभी करून.

कायद्याबद्दल एक. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचं नाही. २३ ऑगस्ट २०२४ ला राज्यानेही कामांचं शैक्षणिक आणि अशैक्षणिक असं वर्गीकरण करणारा निर्णय काढला. पण विद्यार्थ्याची कुठलीही ऑनलाइन नोंद 'शैक्षणिक' धरली की माझे ते अकरा दिवस जिथल्या तिथेच राहतात. मुलाची माहिती भरणं हे मुलासाठीच असतं, हे खरं. पण ते शिकवणं नाही, आणि ते करायला डी.एड. झालेली, अठरा वर्षं पहिली-दुसरी शिकवलेली बाई लागत नाही.

माझं म्हणणं आता असं झालंय: वर्गात पैसा आणायचा असेल तर प्रशासनावर थोडा खर्च वाढवावा लागेल, पण योग्य जागी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कारकून नाही, शिपाई नाही. मुख्याध्यापकाचं पदसुद्धा पट दीडशेच्या वर गेला तरच. सबंध यंत्रणेत जिथे सगळ्यात जास्त कागद तयार होतो तिथे कागद करणारा माणूस शून्य.

प्रत्येक केंद्राला एक डेटा एंट्री करणारा द्या. ४,८६० केंद्रं. शिक्षण सेवकाइतकं मानधन धरलं, महिन्याला १६,०००, तर वर्षाला सुमारे ९३ कोटी होतात. मोठी रक्कम आहे, मान्य. पण एका केंद्रात समजा वीस शिक्षक, सरासरी पगार पन्नास हजार. प्रत्येकाचा दहा टक्के वेळ जरी परत मिळाला तरी महिन्याला एक लाख रुपयांचं शिकवणं परत आलं, सोळा हजारांत.

---

जमाखर्च | २५ जून २०२५, १०:४०

हिशेब बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो. गटसाधन केंद्रांत एमआयएस (माहिती संकलन) समन्वयक आणि डेटा एंट्री ऑपरेटर आजही आहेत, कंत्राटी. त्यांना तालुक्यातली इतर कामं लावली जातात, कारण तिथेही कारकुनांची पदं रिकामी आहेत. केंद्रावर माणूस दिला तर त्याचं काम लेखी बांधून द्यावं लागेल, नाहीतर सहा महिन्यांत तो तालुक्याच्या टेबलावर बसलेला दिसेल. आणि त्यालाही अकरा महिन्यांच्या आदेशावर ठेवू नका, पोर्टल शिकेपर्यंत त्याचं वर्ष संपतं.

दुसरं, माणूस देण्याआधी कामच कमी करता येतं. मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार ही माहिती सरल (राज्याचं विद्यार्थ्यांचं पोर्टल), यू-डायस, शिष्यवृत्ती आणि पोषण आहार या सगळ्यांत वेगवेगळी भरायची का? एकदा भरलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाला पुन्हा मागता येणार नाही, असा एक आदेश निघाला आणि पाळला गेला, तर त्याला एक पैसाही लागत नाही.

आणि संयुक्त अनुदान. राज्याने आपला ४० टक्के वाटा जूनच्या पहिल्या आठवड्यात आगाऊ सोडायचा. पंचवीसातले दहा हजार जरी शाळा उघडताना हातात आले तरी फरक पडेल. वीजबिल दर महिन्याला येतं आणि अनुदान वर्षातून एकदा-दोनदा. शाळांची वीज तुटते ती या तारखांच्या तफावतीमुळे. सादिलचा, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा, पैसाही असाच उशिरा येतो. डिजिटल वर्गाचे संच कितीतरी शाळांत पडून आहेत, कारण मीटरच काढून नेलेला आहे.

---

रोखठोक | २५ जून २०२५, १३:०५

टक्केवारीच्या कायद्याचा आग्रह मी सोडतो. सई यांनी दिलेला ९७ टक्क्यांचा हिशेब मला सुचला नव्हता. खडू_डस्टर यांची परीक्षानळी तर डोक्यातून जात नाही, मीही विज्ञान शाखेचा.

पण दोन गोष्टींवर ठाम आहे. एक, वरच्या कार्यालयांची संख्या आणि त्यांचे एकमेकांवर चढलेले अधिकार तपासायलाच हवेत. एससीईआरटीने प्रशिक्षण ठेवायचं, शिक्षण परिषदेने वेगळं ठेवायचं, डाएटने तिसरं, आणि तिन्हींना तेच दोन शिक्षक शाळा सोडून जाणार, हे चालणार नाही. दोन, नऊ मुलांच्या शाळेत एकच शिक्षक पाच इयत्ता शिकवतो, हेही मुलांवर अन्यायच. शाळा बंद करा म्हणत नाही, ओढ्याचं मी वाचलं. पण त्या नऊ मुलांना आठवड्यातून दोनदा तरी शेजारच्या शाळेतला दुसरा शिक्षक मिळावा, यासाठी कुणी पैसा धरलाय का?

---

वाडीवरची_आई | २५ जून २०२५, १३:३०

याला माझी ना नाही. मुलगी इंग्रजीच्या दुसऱ्या सरांची वाटच बघेल.

---

शेरेबुक | २५ जून २०२५, १८:१०

रोखठोक, केंद्र या रचनेचा मूळ हेतू तोच होता. दहाएक शाळांचं एक केंद्र, महिन्याला शिक्षकांची बैठक (तिलाही शिक्षण परिषदच म्हणतात), साहित्याची देवाणघेवाण, एका शाळेतल्या चांगल्या शिक्षकाचा दुसऱ्या शाळांना उपयोग. केंद्रप्रमुख मोकळा असेल तर एकशिक्षकी शाळेत तो स्वतः आठवड्याला एक दिवस शिकवू शकतो. काही जण आजही शिकवतात, त्यांची कुठे नोंद होत नाही.

---

ह्यूस्टनची_सई | २५ जून २०२५, २०:००

एक प्रश्न. इथे शाळेचं वार्षिक बजेट पालकांना बघायला मिळतं, त्यावर जाहीर सुनावणी होते. मी त्यांतल्या दोन सुनावण्यांना गेले आहे. फार लोक येत नाहीत, पण प्रशासनाला तयारी करून यावं लागतं. आपल्याकडे शाळा विकास आराखडा असतो ना? तो पालकांना दिसतो का?

---

पाटीपेन्सिल | २५ जून २०२५, २१:३०

सईताई, असतो. कायद्यानेच समितीने तो करायचा आहे, कलम २२. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हेही कायद्यात आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक एका रात्रीत तो भरतो, कारण मुदत उद्याची असते. मीही तसा भरलाय. वर्गखोली मागितली, संरक्षक भिंत मागितली. 'पहिलीच्या बाईंना रोज चार तास सलग वर्गात राहता यावं' असं मागायला त्या नमुन्यात रकानाच नाही.

---

बांधावरून | २९ जून २०२५, २२:१०

काल आमच्या समितीची सभा घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलावली, एरवी सर बोलवायचे. तेरापैकी नऊ जण आले, त्यात पाच बाया.

सरांना म्हटलं, मागच्या वर्षीचा हिशेब वाचून दाखवा. त्यांनी न कुरकुरता वाचला. वीजबिल सगळ्यात मोठं, नंतर रंग, मग प्रिंटर दुरुस्ती आणि झेरॉक्स. झेरॉक्स आणि शाई मिळून ३,८०० निघाले. त्यातलं किती मुलांसाठी, असं एका बाईनं विचारलं. सर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, चाचणीच्या प्रश्नपत्रिका सोडल्या तर बाकी सगळं ऑफिसला पाठवायचं. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर वर्षात त्या पैशातून काहीच नाही.

तीन ठराव केले. हिशेब ऑफिसबाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहायचा, दर तीन महिन्यांनी बदलायचा. वीजबिलाचं ग्रामपंचायतीने बघावं म्हणून ग्रामसभेत मागणी ठेवायची, वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून बसतं का ते ग्रामसेवक सांगणार आहेत. तिसरा ठराव ताईंच्या वहीवरून सुचला: शिक्षक वर्गाबाहेर किती वेळ गेले, कुणाच्या पत्रावरून गेले, ते समितीने टिपायचं. सर म्हणाले मी स्वतः लिहिलं तर वरून विचारणा होईल, समितीनं लिहिलं तर चालेल. एक आजीबाई रोज पोषण आहाराला येतातच, खिचडी शिजवतात, महिन्याला २,५०० मिळतात त्यांना. त्यांची नात सातवीत आहे, ती रोज संध्याकाळी वहीत लिहील.

ताई, तुमच्या वहीचा नमुना टाका.

---

पाटीपेन्सिल | २९ जून २०२५, २२:४८

दादा, साधी दोनशे पानी वही आहे. आडवे सहा रकाने आखलेत:

तारीख. किती वाजता वर्गातून उठले. किती वाजता परत आले. काम काय. कुणी मागितलं, तोंडी की लेखी. तेवढ्यात वर्गात कोण होतं.

सहावा रकाना मी फेब्रुवारीत वाढवला. सुरुवातीला नव्हता.

---

खडू_डस्टर | ३० जून २०२५, १७:५०

आजपासून आमच्याकडेही सुरू केली. पहिली नोंद: ११:२० ते १२:०५, शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती, फोनवरून तोंडी. वर्गात कुणी नव्हतं. नववी ब, प्रकाशाचे परावर्तन.